वाड्यात तीस वर्षं उभी असलेली फियाट: इंजिनाचं नंतर बघू, आधी पत्रा आणि कागद

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये १९६७ची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. मूळ मालक वारले, वाडा बिल्डरकडे चाललाय आणि गाडी दोन महिन्यांत हलवायची आहे. त्यांचा मुलगा 'रिस्टोरेशन प्रोजेक्ट' म्हणून अडीच लाख मागतोय. १९९४-९५ नंतर ती सुरू केलेली नाही. "इंजिन जॅम नाही, बॅटरी लावली की एका सेल्फला उठेल, हवं तर तुमच्यासमोर सुरू करून दाखवतो," असं त्याचं म्हणणं. घ्यावी का, आणि घ्यायची तर किती द्यावेत?

पहिली गोष्ट, त्याला बॅटरी लावू देऊ नका. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल कधीच खाली ओघळून गेलेलं असतं. पिस्टन जिथे थांबले तिथे रिंगांच्या रेषेत बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंज धरलेला असतो, आणि एखाद-दुसरा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असतो. अशा इंजिनाला सेल्फ मारला तर ते फिरतंही, पण फिरता फिरता रिंग तुटते किंवा चिकटलेल्या व्हॉल्व्हचा पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वाकतो. तेल वर चढेपर्यंत बेअरिंगं कोरडी घासतात ती वेगळीच. जे काम रिंगा आणि बेअरिंगांवर भागलं असतं ते बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठे करणं) आणि क्रँक ग्राइंडिंगवर जातं. शिवाय दोन मिनिटं धूर ओकून इंजिन उठलं की मुलाच्या लेखी गाडी 'चालू कंडिशन' होते आणि भाव वर जातो. म्हणजे नुकसान तुमचं आणि भावही तुम्हालाच जास्त.

आता मुद्द्याचं. जुनी गाडी बघायला गेलेला प्रत्येक जण आधी बॉनेट उघडतो. फियाटच्या बाबतीत तरी हा क्रम साफ उलटा आहे. डिलाइटचं इंजिन म्हणजे १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, पुशरॉडवर चालणारं साधं यंत्र. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ची डिलाइट आणि पुढे १९७४पासून पद्मिनी या नावाने तीच गाडी धरून साडेतीन दशकं थोड्याफार फरकाने हेच इंजिन बनवलं. ते खोलणारे मिस्त्री पुण्यात अजून आहेत, बोअरिंग करणारे आहेत, आणि अगदीच ब्लॉक गेला तर दुसरा शोधून मिळतो. इंजिन पूर्ण जॅम असलं तरी तो या व्यवहारातला छोटा खर्च आहे. ज्याचे पैसे मोजायचे त्या दोनच गोष्टी: पत्रा आणि कागद. त्यातलं एक जरी गेलेलं असेल तर इंजिन घड्याळासारखं चालत असूनही गाडी घेण्यात अर्थ नाही.

पत्रा एवढा महत्त्वाचा का, तर फियाटला जीपसारखा खाली वेगळा चेसिस नाही. फ्लोअर, दारांखालच्या पोकळ पेट्या, खांब, आतले मडगार्ड हे सगळं मिळूनच गाडीची हाडं आहेत. जीपची बॉडी सडली तर ती उचलून दुसरी ठेवता येते. फियाटचा फ्लोअर आणि पेट्या सडल्या तर गाडी मधोमध वाकायला लागते, आणि मग वरून कितीही रंग मारा. डेंटरच्या भाषेत 'पत्राकाम थोडं आहे' याचा अर्थ एक वितीपासून अर्ध्या गाडीपर्यंत काहीही होऊ शकतो.

जाताना एक छोटं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून घ्या, एक चांगला टॉर्च, एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि जमिनीवर आडवं पडायची तयारी. दिवसा उजेडी जा. संध्याकाळच्या बल्बच्या उजेडात सगळ्याच फियाटी सुंदर दिसतात.

सुरुवात आतून करा. पुढची रबरी मॅट उचला, तिच्याखालचा नमदा (जाड दाबीव थर) उचला. हा नमदा पाणी धरून ठेवतो. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथे मुरतं आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आतून खातं. हाताने दाबून बघा. पत्रा कुरकुरला किंवा पापुद्रे निघाले तर फ्लोअर बदलायचा, हे गृहीत धरा. नुसता फ्लोअर बदलणं फार अवघड नाही, सपाट पत्रा आहे. खरी भीती आहे ती फ्लोअरच्या कडेला, दारांच्या खाली लांबलचक जाणाऱ्या पेटीची. ती आतून सडते आणि बाहेरून शाबूत दिसते. मुलाला विचारून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खालच्या बाजूने हलकेच टोचत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडका पत्रा गप्प बसतो किंवा टोक आत जातं.

मग चुंबक. मडगार्डच्या चाकावरच्या कमानी, दारांचे खालचे दोन-तीन इंच, डिकीच्या खालची कडा आणि हेडलाइटच्या मागचा भाग इथे फिरवत न्या. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुटी) भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण पूर्ण कमानच लांबीची असेल तर त्याखाली जाळीदार गंज आहे किंवा पत्र्याचे डबे कापून लावलेले आहेत. साठच्या दशकातली गाडी ऐंशी-नव्वदच्या दशकात एकदा तरी रंगलेली असतेच, आणि त्या काळचं पेट्रोल पंपाशेजारचं रंगकाम कसं असायचं ते वेगळं सांगायला नको.

सगळ्यात बोलकी परीक्षा दारांची. चारही दारं एकेक करून उघडा, हँडलला धरून हलकी वर उचला. खडखड वाजलं तर बिजागऱ्यांच्या पिना झिजल्यात. ते लेथवरचं काम, सोपं. मग दारं लावून भोवतीची फट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद, असं दोन्ही बाजूंना सारखंच दिसलं तर गाडी मधे बसलीय. शंका असेल तर जॅक लावून एक बाजू थोडी उचला आणि दार उघडून बघा. उचलल्यावर दार अडकायला लागलं तर पेट्या गेल्या. जॅक लावताना पत्राच आत गेला तर मग बघायलाही नको, चहा घ्या आणि निघा. (डिलाइटची चारही दारं पुढे बिजागरी असलेली. आधीच्या, पन्नासच्या दशकातल्या 'डुक्कर फियाट'ची पुढची दारं उलटी उघडायची. कोणी तुम्हाला दोन्हींचे भाग एकच म्हणून विकायला लागला तर हे लक्षात असू द्या.)

खाली आडवं पडून दोन जागा नक्की बघा. मागच्या कमानपट्ट्यांची (पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) पुढची टोकं जिथे बॉडीला जोडलेली असतात तो भाग, आणि पुढचं सस्पेन्शन जिथे पकडलेलं असतं त्याभोवतीचा पत्रा. इथे भेगा किंवा जुन्या गॅस वेल्डिंगचे गड्डे दिसले तर गाडी एकदा जोरात ठोकली गेलीय किंवा तिथून सडून दुरुस्त झालीय. दोन्ही परिस्थितींत किंमत निम्म्याने खाली.

पुण्याची गाडी आहे ही जमेची बाजू. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी वरून खाली सगळीकडून सडते. पुण्यात ऑक्टोबर ते मे कोरडी हवा, त्यामुळे छप्पर, बॉनेट, दारांचा वरचा भाग बहुतेक शाबूत मिळतो. पण शेडची जमीन मातीची आहे की फरशीची, हे विचारा. मातीच्या जमिनीवर उभी गाडी दर पावसाळ्यात खालून ओल पिते आणि वर टाकलेलं प्लॅस्टिक ती ओल आत कोंडून ठेवतं. 'आम्ही कायम झाकून ठेवली होती' हे वाक्य ऐकलं की मला आनंद होत नाही, उलट मी फ्लोअरकडे दुप्पट लक्ष देतो. नारायण पेठ नदीच्या अंगाला, तेव्हा तिथे कधी पाणी शिरलं होतं का तेही विचारून घ्या. १९६१चा पानशेतचा पूर या गाडीच्या जन्माआधीचा, पण त्यानंतरही खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला की नदीकाठच्या सखल भागांत पाणी येतं. हाच प्रश्न सहकारनगर-दांडेकर पूल भागातल्या गाडीला विचारायचा, सप्टेंबर २०१९च्या आंबिल ओढ्याच्या पुरासाठी. बुडालेल्या गाडीची ओळख सोपी: सीटखालच्या स्प्रिंगांवर, हेडलाइटच्या वाटीत आणि डॅशबोर्डच्या मागे बारीक गाळाची रेघ असते. कितीही धुतलं तरी तिथली जात नाही.

आता कागद. इथे माणसं सगळ्यात ढिली असतात, कारण गाडी समोर दिसते आणि कागद कपाटात असतात.

मूळ मालक वारलेत, म्हणजे त्यांच्या सहीचे जुने फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे) कपाटात सापडले तरी ते वापरायचे नाहीत. मृत माणसाच्या नावावरून थेट तुमच्या नावावर गाडी होत नाही. आधी वारसांपैकी एकाने फॉर्म ३१वर अर्ज करून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडून गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची. मग त्याने २९-३० भरून तुम्हाला द्यायची. मोटार वाहन कायद्यात वारसाने तीन महिन्यांत अर्ज करावा असं आहे. इथे ती मुदत गेलेली असेल तर दंड भरून काम होतं, पण वारस हजर लागतात. मुलगा एकटाच आहे की बहिणी आहेत, त्यातली कोणी परदेशात आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. वाड्याच्या वाटणीवरून भांडण चालू असेल तर गाडीही त्या भांडणात असते, कोणी तोंडाने बोलत नसलं तरी.

पुढचा प्रश्न नोंदणीच्या मुदतीचा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९५च्या सुमाराला बंद पडलेल्या गाडीची मुदत नक्की संपलेली असणार. नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी लागते, म्हणजे आधी ती चालायला हवी. मुदत संपलेली गाडी नावावर करायला बहुतेक वेळा अडचण येते. मग कोंडी अशी होते: गाडी चालू करायला खर्च तुमचा, आणि कागदावर मालक दुसरा. यावर उपाय म्हणजे व्यवहाराचा करारनामा स्टँप पेपरवर करा, त्यात सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, नाव बदलेपर्यंत सहकार्य करायचं हे स्पष्ट लिहून घ्या, आणि रकमेचा एक भाग नाव बदलल्यावर द्यायचा ठेवा. सगळे पैसे हातात पडल्यावर माणसाचा फोन लागत नाही हा अनुभव पुण्यातही येतो.

आर.सी. बुक खरोखर आहे का ते बघा, झेरॉक्सवर समाधान मानू नका. ही एमएच-१२च्या आधीची, तीन अक्षरी नंबरची गाडी. अशा पुष्कळ गाड्यांच्या नोंदी संगणकावर चढलेल्याच नसतात. नंबर ऑनलाइन टाकला आणि काहीच आलं नाही तर घाबरू नका. पण संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन जुन्या रजिस्टरात नोंद आहे का, आणि ती नव्या प्रणालीत चढवून मिळेल का, हे व्यवहाराआधी विचारा, नंतर नाही. गाडी मुळात दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेली असेल तर तिथल्या आरटीओचे हेलपाटे धरून चाला. बँकेचं कर्ज पुस्तकावर चढलेलं असेल तर ते उतरवलेलं आहे का पाहा. साठ-सत्तरच्या दशकातली बँक आता कोणात विलीन झाली हे शोधण्यातच महिना जातो. त्या काळी रस्ता कर वर्षाला भरायचा असे. गाडी बंद ठेवल्याचं कळवलेलं नसेल तर थकबाकी निघू शकते, ती कोणी भरायची हे करारात लिहा. नूतनीकरणाच्या वेळी पर्यावरण कर लागतो. आणि जुनी काळी पाटी कितीही देखणी असली तरी रस्त्यावर आणायला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागेल.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आर.सी.शी अक्षर-अक्षर जुळवा. चेसिस नंबर इंजिनाच्या मागच्या पडदीवर बघा. रंगाचे थर असतील तर थिनरच्या बोळ्याने पुसा, पॉलिश पेपरने घासू नका. इंजिन नंबर न जुळणं फियाटमध्ये अगदी सर्रास आढळतं. टॅक्सीचं काढून घातलेलं असतं, कधी डिझेल बसवून पुन्हा पेट्रोल केलेलं असतं. आर.सी.वर त्याची नोंद असेल तर हरकत नाही. चेसिस नंबर मात्र जुळत नसेल किंवा खोडल्यासारखा वाटत असेल तर तिथेच विषय संपवा, स्वस्तात मिळतेय म्हणून मोह धरू नका.

तुम्हाला कदाचित कोणी सांगेल की पन्नास वर्षांवरची आहे तर व्हिंटेजमध्ये टाका, कटकट नाही. २०२१मध्ये केंद्राने त्याचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, बॉडी-चेसिस-इंजिनात मोठे बदल न केलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर ५,००० रुपयांत पाच-पाच वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्यांना 'व्हीए' मालिका. १९६७ची गाडी वयाने सहज बसते. पण त्यातली मेख वाचा: अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं. आणि दिल्लीतल्या दहा-पंधरा वर्षांच्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरू नका, तो नियम राजधानी परिसराचा. महाराष्ट्रात तपासणीत पास होणारी जुनी खाजगी पेट्रोल गाडी चालवता येते.

पत्रा आणि कागदांनंतर सुट्या भागांची गोष्ट. 'फियाटचे पार्ट कुठेही मिळतात' हे वाक्य एकेकाळी खरं होतं. ते खरं होतं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो पद्मिनी रोज रस्त्यावर होत्या म्हणून ब्रेकच्या किटपासून गिअरच्या दांड्यांपर्यंत माल बनत होता. ऑक्टोबर २०२३अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेने बंद झाली आणि त्या मालाचं गिऱ्हाइकच संपलं. नाना पेठेतल्या जुन्या दुकानांत अजून खोक्यांमधून माल निघतो, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे निघतो, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात नशिबाने एखादं मीटर किंवा हँडल हाती लागतं. यांत्रिक भागांची सोय होईल. पण डिलाइटचीच म्हणून जी निकेल-क्रोमची वस्तू आहे, पुढची जाळी, मागच्या दिव्यांच्या काचा, बॉनेटवरची पट्टी, हॉर्नची रिंग, व्हीलकॅप, ती पद्मिनीची चालत नाही. आज एक हरवलेली जाळी शोधण्यापेक्षा एक बोअर झालेला ब्लॉक मिळवणं सोपं आहे. म्हणून गाडी बघताना प्रत्येक चकचकीत (किंवा एकेकाळी चकचकीत असलेल्या) वस्तूचा फोटो काढा आणि काय नाही त्याची यादी करा. चेपलेला बंपर चालेल, नसलेला नाही. खड्डे पडलेला क्रोम पुन्हा प्लेटिंग होतो, पण त्याआधी घासून घासून पत्रा पातळ होतो हेही धरा.

याच कारणासाठी, कोणी अर्धी खोललेली फियाट याहून स्वस्तात देत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. खोलणाऱ्याने नट-बोल्ट दोन डब्यांत एकत्र टाकलेले असतात आणि तिसरा डबा कुणीतरी रद्दीत दिलेला असतो. उभी, धूळ खाल्लेली, पण पूर्ण असलेली गाडी केव्हाही बरी. तुमची तशी आहे ही मला तुमच्या प्रश्नातली सगळ्यात चांगली बातमी वाटली.

इंजिनाचं काय करायचं ते आता सांगतो, कारण गाडी घेतलीत तर पहिल्या आठवड्यात हात शिवशिवणारच. चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल आणि डिझेल निम्मं-निम्मं, चार-पाच चमचे ओता आणि आठवडाभर विसरून जा. मधेमधे थोडं पुन्हा ओता. वरचं झाकण काढून रॉकरवरही (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) तेल सोडा. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने, अगदी थोडं पुढे, थोडं मागे. जोर लावायचा नाही. फिरायला लागलं की व्हॉल्व्ह चारही सिलिंडरचे वर-खाली होताहेत का बघा. जो खाली बसून राहिला तो चिकटलाय, त्याला तेल पाजून हलकेच मोकळा करा. सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं) तेल काढताना आधी पाणी येतं का बघा. पाणी आलं तर हेड उघडावंच लागेल. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, आणि आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी घालायची जुनी सवय. अशा जोडीत पाण्याच्या वाटांभोवती हेड खाल्लं जातं. ते वेल्डिंग करून, घासून सपाट करून मिळतं, पण वेल्डर चांगला हवा. तेल बदलून, प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा.

टाकीतलं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही. झाकण उघडलं की जुन्या वार्निशसारखा वास येईल. ती टाकी उतरवून आतून साफ केल्याशिवाय जोडूच नका; सुरुवातीला बाटलीतून कार्ब्युरेटरला पेट्रोल द्या. सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम नवे, इथेनॉल झेपणारे घ्या, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि साठच्या दशकातल्या रबराला ते चालत नाही. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं, तेव्हा गाडी पुन्हा महिनोनमहिने उभी राहणार असेल तर टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा.

पण हे सगळं ब्रेकनंतर. इंजिन सुरू झालं की माणूस गल्लीत एक फेरी मारतोच, आणि ब्रेक ऑइल ओल शोषणारं असल्याने मास्टर सिलिंडर आणि चाकांतले सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले असतात. चारही चाकांचे ड्रम उघडा, सिलिंडर बघा, रबरी होज डोळे झाकून बदला. बाहेरून छान दिसणारा होज आतून फुगून बंद झालेला असतो, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणारच. जोडाजोडी न करता पूर्ण नवं हार्नेस करून घ्या, कटआउट (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा भाग) आणि डायनामो मात्र टाकू नका. टायर ५.२०–१४ मापाचे, जुने कितीही नक्षीदार असले तरी फक्त गाडी ढकलण्यापुरते.

किंमत. अडीच लाख ही बॅटरी लावून सुरू होणाऱ्या, कागद पूर्ण असलेल्या, चालवत घरी नेता येणाऱ्या गाडीशी बोलायची रक्कम आहे. तीस वर्षं झोपलेल्या गाडीची नाही. हिशोब उलटा करा. अशीच डिलाइट, नीट झालेली, आज कितीला मिळतेय ते दोन-तीन ठिकाणी विचारा. त्यातून पत्रा-रंग, क्रोम, सीटकाम, इंजिन, ब्रेक, वायरिंग, टायर आणि आरटीओचा खर्च वजा करा. बहुतेक वेळा उत्तर शून्याच्या खाली येतं. पत्रा आणि रंग मिळूनच एकूण खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग खातात, आणि चांगला डेंटर महिने घेतो. म्हणजे पैशाच्या हिशोबाने असा प्रोजेक्ट कधीच परवडत नाही. तो आवडीपोटी करायचा असतो, फक्त सुरुवातीलाच जास्त मोजून स्वतःला खड्ड्यात घालायचं नाही. पेट्या शाबूत, जाळी-दिवे जागेवर, आर.सी. खरी आणि वारस तयार, अशी स्थिती असेल तर मी लाखाच्या आसपास थांबेन. पेट्या गेल्या असतील तर चाळीस-पन्नास हजार, तेही सगळा क्रोम असेल तर. आर.सी. नसेल तर ती सुट्या भागांची गाडी आहे आणि भावही तसाच. दोन महिन्यांच्या मुदतीची घाई मुलाला आहे, तुम्हाला नाही, हे बोलणी करताना विसरू नका. पण त्याच्या वडिलांची गाडी आहे हेही विसरू नका. पुण्यात भाव पाडून मागणाऱ्यापेक्षा 'मी ती रस्त्यावर आणून तुम्हाला फेरी मारायला घेऊन येईन' म्हणणाऱ्याला गाडी मिळते, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

घेतलीत तर एक विनंती. धुळीखाली मूळ रंग जिवंत असेल तर लगेच डेंटरकडे टाकू नका. आधी धुवा, पॉलिश करा, आठवडाभर तशीच बघा. मूळ रंगातली, थोडी फिकी, एखाद-दुसऱ्या खरचट्याची फियाट आता नव्या चकचकीत फियाटींपेक्षा दुर्मीळ आहे. पेट्या आणि फ्लोअर खालून नीट करून वरचा रंग तसाच राखता येतो, खर्चही वाचतो. आमच्यातले बरेच जण आधी सगळं उखडायच्या मागे असतात. कारण मोकळ्या पत्र्यावर काम करणं सोपं असतं.

आणि वाड्यातून बाहेर काढायची तयारी करा. चाकं जॅम असणार, हँडब्रेक चिकटलेला असणार. ओढून काढायला गेलात तर ड्रम तुटतो किंवा कमानपट्टीचा हुक सुटतो. गाडी सुमारे ९०० किलोची आहे. चार माणसं, चाकांखाली सरकत्या ट्रॉल्या, आणि बाहेर लक्ष्मी रोडच्या गर्दीआधी पहाटे उभा केलेला फ्लॅटबेड. क्रेनच्या हुकाला पुढून लटकवणाऱ्या टोइंगवाल्याला बोलावू नका. गाडी लावली गेली त्यानंतर दरवाजात पायऱ्या किंवा कठडा बांधला गेलाय का, ते टेपने मोजून या, असं होतं.

त्याच फेरीत मुलाला घेऊन माळ्यावर चढा. व्हीलकॅप, जॅक, टूल किट, जादाची जाळी, टॅक्सचं जुनं पुस्तक, पहिली पावती, हे सगळं माळ्यावर किंवा जिन्याखालच्या कपाटात असतं, आणि वाडा रिकामा करताना भंगारवाला तेच आधी उचलतो. गाडीचा सौदा ठरायला वेळ लागला तरी चालेल, माळा मात्र या रविवारीच बघा.